आधी आजीला विचार

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी तुला तोडून बोलले. आजीचं शूटिंग करायचंय म्हणालीस आणि मी "तिच्या आजारपणाचा तमाशा नको" म्हणून फोनच ठेवला. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. तू सांगितलेले कर्स्टन जॉन्सनचे दोन्ही चित्रपट या आठवड्यात पाहिले, दुसरा तर दोनदा. बोलताना माझा आवाज चढतो, म्हणून लिहितेय.

आधी २०१६ चा 'कॅमेरापर्सन' पाहिला. पंचवीसेक वर्षं ही बाई दुसऱ्यांच्या माहितीपटांसाठी कॅमेरा घेऊन फिरली. 'सिटिझनफोर'ला ऑस्कर मिळालं, त्यातही तिचा कॅमेरा आहे, पण नाव आपल्या लक्षात राहतं ते दिग्दर्शिकेचं, लॉरा पॉइट्रसचं. त्या सगळ्या वर्षांतले उरलेसुरले तुकडे जोडून तिने हा स्वतःचा चित्रपट केला. तू तीन वर्षं असिस्टंट आहेस म्हणून मी सारखी "स्वतःचं कधी करणार" विचारते ना, ते आता विचारणार नाही. दुसऱ्याचं काम करतानाच हिचं स्वतःचं साठत होतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट आहे, मी रिमोटने मागे नेऊन परत पाहिली. बोस्नियातला माळ, एक मेंढपाळ. कॅमेरा जमिनीलगत, आणि मध्येच तिचा हात पुढे येऊन लेन्ससमोरचं गवत उपटतो. पुढे एका मोकळ्या रस्त्यावर आभाळ भरून आलंय, वीज चमकते, आणि तिला शिंक येते. सगळं चित्र हादरतं. ती शिंक तिने कापली नाही. मला एकदम तू दिसलीस. कॅमेऱ्यामागे कोणीतरी श्वास घेणारं माणूस असतं, हे इतकी वर्षं चित्रपट पाहून माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

नायजेरियातल्या प्रसूतिगृहाचा भाग मात्र मला बघवला नाही. नुकतं जन्मलेलं बाळ, त्याला श्वास लागत नाही आणि तिथे ऑक्सिजन नाही. ती चित्रण करत राहते. अशा वेळी हातातला कॅमेरा खाली ठेवायचा की नाही, हे तुला कोणी शिकवलंय का गं? मला उत्तर सुचत नाही. पण बोस्नियातल्या ज्या कुटुंबाकडे ती राहिली, त्यांच्याकडे काही वर्षांनी परत जाऊन तिने त्यांना त्यांचंच चित्रण दाखवलं. घेतलेलं परत नेऊन दाखवणारी ही बाई आहे, हे पाहिल्यावर माझा तिच्यावर विश्वास बसला.

आणि तिची आई. आपल्या आजीसारखा तिलाही अल्झायमर होता. जगभरच्या अनोळखी माणसांना टिपत फिरलेल्या या मुलीकडे आई ठणठणीत असतानाचं चित्रण जवळजवळ नाहीच. जे आहे ते आजाराने घेरल्यानंतरचं, लेकीलाही नीट न ओळखण्याच्या दिवसांतलं. त्या आईला आधीच विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती? तिथे मी थांबवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

मग २०२० चा 'डिक जॉन्सन इज डेड'. वडील सिएटलमधले मनोविकारतज्ज्ञ, त्यांनाही विसर पडायला लागलेला. या वेळी तिने उशीर केला नाही. बाबांना विचारलं, तुमचा मृत्यू आपण खोटाखोटा पुन्हा पुन्हा चित्रित करूया का? आणि ते हो म्हणाले. मग कधी डोक्यावर वातानुकूलन यंत्र पडतं, कधी ते जिन्यावरून पडतात. ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं घर, ज्यांना सिनेमा वर्ज्य, त्या घरातला हा माणूस स्वतःच्या अंत्यविधीच्या तालमीत शवपेटीत झोपतो! त्यांना आपल्या पायाच्या वाकड्या बोटांची जन्मभर लाज वाटलेली. लेकीने खोट्या स्वर्गात येशूकडून तेच पाय धुवून घेतले आणि बोटं सरळ करून दिली. मी रडले. या चित्रपटासाठी तिला २०२१ मध्ये दिग्दर्शनाचं एमी मिळालं, पण बक्षिसापेक्षा मला त्या पायांचं मोल जास्त वाटतं.

एका प्रसंगात खोटं रक्त अंगावर ओतल्यावर म्हातारा गारठतो, कावराबावरा होतो. तेही तिने ठेवलंय. ते तुला मुद्दाम सांगतेय.

तर माझं म्हणणं असं. नाही म्हणायचा हक्क माझा नव्हता, आजीचा आहे, आणि तो तिला अजून वापरता येतो. सकाळी पूजा झाल्यापासून अकरापर्यंत ती अगदी स्वच्छ असते. परवा तिने मला सांडग्यांचं प्रमाण न अडखळता सांगितलं. दिवेलागणीनंतर मात्र मला "ताई" म्हणून हाक मारते आणि घरी सोड म्हणते. ती वेळ तू टिपायची नाहीस. तेवढं माझं ऐक. पुढेमागे तिला बोलता येईनासं झालं, तर सकाळी तिने दिलेला शब्द तोच धरायचा.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने ये. शनिवारी सकाळी कॅमेरा बॅगेतच राहू दे. तिच्याजवळ बस, चहा घे, आणि काय करायचंय ते तिला समजेल अशा शब्दांत सांग. किती जण बघतील तेही सांग. ती नाही म्हणाली तर मी तिच्या बाजूने उभी राहीन, आणि तू रुसायचं नाहीस.

फोटो काढायचा म्हटलं की ती अजूनही आधी तोंड धुते, केस सोडून पुन्हा बांधते. तिची जांभळी इरकल इस्त्रीला देऊन ठेवलीय. चित्रणाला नको म्हणाली तरी ती नेसेल, तू येणार म्हणून.

तुझी,
आई