खेळातलं घड्याळ काढल्याने घराणं बाटत नाही

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत महागड्या घड्याळांवर लेख होता. सूटबुटावरची नाजूक घड्याळं करण्यात ज्यांची हयात गेली, त्या कंपन्यांनी स्पोर्ट्स घड्याळांच्या नादी लागू नये, त्याने घराण्याला कमीपणा येतो, असा त्याचा सूर. मी नाशिकच्या रविवार कारंजाजवळ घड्याळदुरुस्ती करतो. माझ्या टेबलावर येतात ती बहुतेक एचएमटी, टायटन, नाहीतर कुणाच्या जावयाने दुबईहून आणलेली. लाखांतली क्वचितच. तरीही हे कमीपणाचं काही पटलं नाही.

आज ज्याला खानदानी ड्रेस घड्याळ म्हणतात ते जेजर-लकूल्तचं रिव्हर्सो घ्या. १९३१ सालचं. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून घड्याळाची डबी उलटी फिरवून काच आत लपवायची सोय त्यात केली. म्हणजे आपल्याच मैदानांसाठी जन्मलेलं खेळाचं घड्याळ पुढे लग्नाकार्यात मिरवू लागलं. तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही. मग उलट दिशेने जाणाऱ्यालाच अडवायचं का?

आणि तसे जाणारेही जुनेच आहेत. सायकोने १९६९ च्या नाताळात क्वार्ट्झचं, म्हणजे बॅटरीवर चालणारं मनगटी घड्याळ आणलं आणि स्विस मंडळींचे धाबे दणाणले. त्या पडत्या काळात ओडेमार पिगेचं रॉयल ओक (१९७२) आणि पाटेक फिलिपचं नॉटिलस (१९७६) आलं. दोन्ही स्टीलची, दोन्हींचं डिझाइन जेराल्ड जेंटाचं. १९७७ मध्ये व्हॅशेरॉन कंपनीने '२२२' नावाचं घड्याळ काढलं. गंमत अशी, की तिन्हींतलं मशीन मुळात एकच, जेजर-लकूल्तच्या घरचं, जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचं, पातळ घड्याळांत बसावं असं केलेलं. वरून पैलवान, आतून तोच सडपातळ कारकून.

माझं म्हणणं इथे आहे. काढा, पण आतूनही काढा. जर्मनीतल्या लांगे कंपनीने २०१९ मध्ये ओडिसियस हे स्पोर्ट्स घड्याळ काढलं तेव्हा पुष्कळांनी नावं ठेवली. किंमत तेव्हा २८,००० युरो, त्यावर मी काय बोलणार! पण काम बघा. त्यासाठी मशीन नवं केलं. त्यांच्या इतर घड्याळांत बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून घड्याळाची लय धरणारं चाक, एका बाजूने धरलेलं असतं. यात दोन्ही बाजूंनी टेकू दिला, धक्का सोसावा म्हणून. चावी स्क्रूसारखी आवळायची, पाणी १२० मीटरपर्यंतचं. याला मी स्पोर्ट्स घड्याळ म्हणेन.

हा शौकिनांचा वाद वाटेल, पण पाण्याचं म्हणाल तर ते रोज माझ्यापुढे येतं. श्रावणात एक गृहस्थ रामकुंडावर घड्याळासकट स्नान करून आले. काचेआड वाफ. 'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर लिहिलंय की!' म्हणाले. गोदेच्या पुराचं पाणी ज्यावरून मोजतात तो दुतोंड्या मारुती अख्खा बुडाला तरी ३० मीटर होत नाहीत, हे त्यांचं खरंच. पण तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो आणि तोही नव्या वॉशरचा. मागचं झाकण उघडलं तर रबरी वॉशर चिमट्यात धरताच तुकडे होऊन निघाला. चावीच्या दांडीवर तांबूस गंज चढलेला, त्याची पूड खाली चक्रांत सांडलेली. हात धुणं, पावसाचे चार थेंब, इतपतच त्या घड्याळाची तयारी. आपल्याकडच्या घामाने चामड्याचे पट्टे कुजतात तो भाग निराळाच.

म्हणून मला तर वाटतं, नामांकित घरांनी अशी घड्याळं जरूर करावीत, निदान भिजण्याचा विचार तरी कारखान्यात होईल. मात्र वॉशर दर काही वर्षांनी बदलावा लागतो, आणि बड्या कंपन्यांचे सुटे भाग आमच्यासारख्या गल्लीतल्या कारागिराच्या हाती सहसा लागत नाहीत. गिऱ्हाईकाने मुंबईला खेटे घालायचे आणि महिनोन् महिने वाट पाहायची. तुमच्या लेखकाला पुढच्या वेळी कंपनीवाले भेटले तर घराण्याचं राहू द्या, सुटे भाग कारागिरांना कधी देणार तेवढं विचारून छापा.

आपला,
एक घड्याळजी, रविवार कारंजा, नाशिक