ऐरणीवरचं मीठ

जुने नाशिक

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज भरून आला, ते अजून मनातून जात नाही. डांबरगोळी उडून जाते कारण तिच्यातले सहसंयुज बंध (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन अणूंना जोडणारे) कच्चे, असं तू लिहिलंस आणि गुण गेले. तुझं बारावीचं रसायनशास्त्र इथेच राहिलंय. दुकान बंद करून तीन रात्री स्थायू अवस्थेचा धडा वाचला.

बाळा, ते बंध कच्चे नाहीत. रेणूच्या आत कार्बनला कार्बन घट्टच धरून असतो. हवेत जातो तो अख्खा रेणू. रेणूरेणूंमधली ओढ तेवढी हलकी, म्हणून गोळी 80 अंशांना वितळतेसुद्धा. हिऱ्यात सुटे रेणूच नाहीत. एकेक कार्बन चौघांना धरून सगळा खडा एकच जाळं, तिथे बंध तोडल्याशिवाय काही सुटत नाही. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये थरातले कार्बन 0.142 नॅनोमीटरवर, म्हणजे हिऱ्यातल्या 0.154 पेक्षाही जवळ. पण दोन थरांत अंतर 0.335, म्हणून कागदावर घासलं की थर सुटतात.

खरा जीव रमला तो तांब्यात. इतकी वर्षं ठोकतोय, पण त्यात प्रत्येक अणूला बारा शेजारी असतात हे आत्ता कळलं! बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक, त्यामुळे हातोड्याखाली थर सरकला तरी धरून ठेवणारं सुटत नाही. म्हणून पत्र्याची घागर होते. मग मिठाचा खडा ऐरणीवर ठेवून हलकेच ठोकला. सपाट, काटकोनी तुकडे झाले. त्यात प्रत्येक धनभारित सोडिअमभोवती सहा ऋणभारित क्लोराइड; थर जरा सरकला की धनासमोर धन, ऋणासमोर ऋण येतं आणि दोन्ही बाजू एकमेकींना लोटतात. मीठ वितळायला 801 अंश लागतात, तांब्याला 1085. म्हणजे मिठाची पकडही लेचीपेची नाही, फक्त तिला सरकणं सोसत नाही.

मठारताना, म्हणजे ठोकून घडवताना, पत्रा आडमुठा होतो, ते तर तू लहानपणापासून पाहिलंयस. थर सरकून सरकून आत गुंता होतो आणि पुढचं सरकणं अडतं. लाल होईस्तोवर तापवला की नवे, मोकळे स्फटिककण तयार होतात. तुझे आजोबा नुसत्या ठोक्याच्या आवाजावरून ओळखायचे, आता भट्टीत घाल म्हणून.

मिठाचे तुकडे काडेपेटीत ठेवलेत. दिवाळीला आलीस की भिंगातून बघू. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र आजच पुन्हा लिहून काढ आणि मला फोनवर वाचून दाखव.

तुझा,
बाबा