शाओलिन खोडा, ओकिनावा लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी वर्गांची माहितीपत्रके बडोद्यात घरोघर येऊ लागली की तायक्वांदो आणि तांग सू दो या कोरियन युद्धकलांच्या पत्रकांत एक वाक्य ठरलेले असते: 'शाओलिन मठातून कोरियात आलेली दोन हजार वर्षांची विद्या'. यातले 'कोरिया' तेवढे खरे.

घोळ नावापासून आहे. 'तांग सू' म्हणजे तांग हात, आणि तांग हे चिनी राजघराणे. म्हणून विद्याही चिनी, असा तर्क लढवतात. पण हीच दोन अक्षरे जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर 'कराटे' अशी वाचली जात. १९३० च्या दशकात, ओकिनावाहून जपानमध्ये कराटे नेणाऱ्या फुनाकोशींनी पहिल्या अक्षराऐवजी त्याच उच्चाराचे, 'रिकामा' अर्थाचे अक्षर घेतले. कोरियात जुने राहिले, एवढेच.

अक्षरांपेक्षा पक्का पुरावा ह्युंगमध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकांत सापडतो. तांग सू दोतले 'प्योंग आन चो दान' नीट पाहा. डावीकडे वळून पुढच्या गुडघ्यावर भार, डाव्या हाताने खालचा ब्लॉक, लगेच उजवे पाऊल टाकून मधला ठोसा. ओकिनावाचे कराटेगुरू इतोसू यांनी बसवलेल्या पिनान नावाच्या पाच मालिकांत हा दुसरा. त्यांचा पहिला मागच्या पायावर भार ठेवून, दोन्ही हात वर नेऊन सुरू होतो. नवख्याचा तोल तिथेच जातो. फुनाकोशींनी जपानमध्ये या दोहोंचा क्रम उलटला आणि कोरियात तो उलटाच शिकवतात. कॉपी करणाऱ्याने शेजाऱ्याची चूकही उतरवावी, तसे. चीनमध्ये तर हे पाच प्रकार नाहीतच.

माणसेही तेच सांगतात. १९४४ मध्ये चुंग दो क्वान ही कोरियन शाळा काढणारे ली वॉन-गुक फुनाकोशींकडेच शिकले. १९४५ मध्ये मू दुक क्वान ही तांग सू दोची शाळा काढणारे ह्वांग की मांचुरियातल्या चिनी गुरूंचे नाव घेत; पण कराटेची पुस्तके अभ्यासल्याचेही त्यांनी पुढे लिहिले आहे. जपानची पस्तीस वर्षांची गुलामी नुकती संपलेली. तेव्हा जपानचे नाव कोण घेणार? 'तायक्वांदो' हे नावसुद्धा १९५५ चे.

चिनी धागा मुळीच नाही असे नव्हे. यून ब्युंग-इन हे कोरियन गुरू मांचुरियात चिनी मुष्टिविद्या शिकले, मग जपानमध्ये कराटे. त्याहून जुना धागा म्हणजे कोरियाचा राजा जंगजोच्या आज्ञेने १७९० मध्ये निघालेला 'मुये दोबो तोंगजी' हा युद्धकलेचा ग्रंथ. त्यातल्या २४ प्रकारांपैकी नि:शस्त्र फक्त एक, क्वोनबॉप. आणि तो चीनच्या मिंग राजघराण्याचा सेनापती छी जिग्वांगच्या ग्रंथातल्या ३२ पवित्र्यांवर आधारलेला. छींचा तो ग्रंथ जपानशी झालेल्या १५९२-९८ च्या युद्धात मिंग फौजांबरोबर कोरियात पोचला. पण आज वर्गात शिकवतात ते हे नव्हे. तायक्वांदोतल्या तेगुक नावाच्या आठ पुम्सेंना, म्हणजे हालचालींच्या मालिकांना, यिजिंग या प्राचीन चिनी ग्रंथातली आठ चिन्हे दिली आहेत, तीही कल्पनेपुरती. लाथा तिथून आलेल्या नाहीत.

ओकिनावाच्या कराटेवर चीनच्या फूजियान प्रांताचा संस्कार आहे, म्हणून 'चीनहून ओकिनावा, जपानमार्गे कोरिया' असे छापले तर कोणी हरकत घेणार नाही. बडोद्यात मल्लखांबाचा इतिहास सांगताना बाळंभटदादा देवधरांचे नाव घेतलेच जाते. मग इतोसूंचे घ्यायला संकोच कसला?

आपले,
तायक्वांदो व कराटेचे काही प्रशिक्षक,
वडोदरा