पार्कर बघ म्हणालीस, म्हणून

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या गिटारवाल्या मित्राबद्दल सांगता सांगता तू बोलून गेलीस, "पण बाबा, हे सगळे मोठे लोक नशा करायचेच ना! पार्कर बघा." आई शेजारी बसली होती, म्हणून मी विषय वाढवला नाही. शिवाय फोनवर मी दोन मिनिटांच्या वर बोललो की तुला भाषण वाटतं. पत्र निदान बाजूला ठेवून नंतर वाचता येतं.

तर पार्कर, म्हणजे जाझचा सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर. १९३६ साली, सोळा वर्षांचा असताना, हा मुलगा मोटार अपघातात सापडला. बरगड्या मोडल्या. दुखणं थांबवायला जे दिलं गेलं त्यातूनच त्याला अफूच्या जातीच्या औषधांची चटक लागली, असं बहुतेक चरित्रकार मानतात. म्हणजे सुरुवात एका दुखण्यातून झाली, कलेचा तिथे संबंध नव्हता. त्याच सुमाराला तीन-चार वर्षं तो रोज अकरा ते पंधरा तास वाजवत होता. हे त्यानेच १९५४ मध्ये पॉल डेसमंड या दुसऱ्या सॅक्सोफोनवाल्याला मुलाखतीत सांगितलं. शेजारी इतके वैतागले की त्याच्या आईला दुसरीकडे राहायला जा म्हणायची वेळ आली. आता गंमत बघ, त्याच्या मागून आलेल्या पोरांनी यातलं काय उचललं? सुई उचलली. पंधरा तासांच्या वाटेला फार थोडे गेले.

आणि पार्करने त्यांना फसवलं असंही नाही. १९४९ मध्ये 'डाउन बीट' मासिकाशी बोलताना त्याने साफ सांगितलं होतं की गांजा ओढून, सुई टोचून किंवा दारू पिऊन आपण जास्त चांगलं वाजवतो असं म्हणणारा वादक सरळ खोटं बोलतोय. पण सांगणारा स्वतः सुईवर, तेव्हा कोण ऐकणार? १२ मार्च १९५५ ला तो गेला. तपासायला आलेल्या डॉक्टरने अंदाजाने वय पन्नास ते साठच्या मधलं लिहिलं. होता चौतीस वर्षांचा.

मला खरं सांगायचंय ते मात्र टेनर सॅक्सोफोनवाल्या सनी रोलिन्सबद्दल. तू त्याच्या रेकॉर्डी नोट टू नोट उतरवून काढल्यास, पण तो कुठून कुठे गेला हे तुला ठाऊक आहे की नाही, शंका आहे.

रोलिन्स १९३० चा, हार्लेममधला. आई-वडील कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरचे. युद्धानंतर त्या वस्तीत हेरॉइन मुबलक यायला लागलं. आमच्या मुंबईत ऐंशीच्या दशकात गर्द आली तशीच. बघता बघता चाळीतली दोन-चार पोरं गर्दुल्ली झालेली असायची आणि घरच्यांना पितळेची भांडी नाहीशी व्हायला लागल्यावर कळायचं. रोलिन्सचंही तेच झालं. विशीत सशस्त्र दरोड्यात पकडला गेला, रायकर्स बेटावरच्या तुरुंगात दहा महिने काढले, सुटला, परत पकडला गेला. घरचं, मित्रांचं, हाताला लागेल ते विकलं. तो आला की लोक तोंड चुकवायला लागले. आई तेवढी त्याला सोडून गेली नाही, हे तो म्हातारपणीही सांगायचा.

न्यूयॉर्कचा कायदाही असा की क्लबमध्ये वाजवायला पोलिसांकडून कार्ड घ्यावं लागे आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अडकलं की ते जाई. पार्करचं गेलं, गायिका बिली हॉलिडेचं गेलं, पियानोवाल्या मंकचं गेलं. नशेपायी आधीच कफल्लक झालेल्या माणसाची रोजीरोटीच काढून घ्यायची आणि वर म्हणायचं, आता सुधार. काळ्या वादकांवर पोलिसांचा डोळा असायचा तो वेगळाच. हे अशासाठी लिहितोय की नशा करणारा प्रत्येक जण मुळात वाया गेलेला असतो असं मला म्हणायचं नाही. तुझा मित्रही नाही.

३० जानेवारी १९५३ चं ते रेकॉर्डिंग तुझ्याकडे आहे. ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस, रोलिन्स, आणि टेनर हातात घेऊन खोट्या नावाने वाजवणारा पार्कर. त्या दिवशी पार्करने रोलिन्सला विचारलं, सोडलंस का? याने सांगितलं, हो, आता मी स्वच्छ आहे. ते खोटं होतं, आणि त्याच दिवशी कुणीतरी बोलता बोलता ते फोडलं. तेव्हा पार्करचा चेहरा जो पडला तो रोलिन्सला जन्मभर विसरता आला नाही. ज्याला देव मानून पोरं सुई टोचून घेत होती, त्यालाच ते सहन होत नव्हतं. पार्कर रागावला असता तर कदाचित याला इतकं लागलं नसतं.

आता तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हणशील, 'ओलिओ', 'डॉक्सी', 'एअरजिन' या तिन्ही चाली १९५४ च्या, म्हणजे ऐन व्यसनातल्या. खरं आहे. नाकारत नाही. नशेत असलेल्या माणसाची बुद्धी मरते असं नाही, निदान लगेच मरत नाही. पण त्या चाली त्या पावडरने केल्या असत्या तर हार्लेमच्या प्रत्येक जिन्याखाली एकेक रोलिन्स बसलेला दिसला असता. त्या करणाऱ्याच्या अंगात शाळकरी वयापासूनची मेहनत होती, गल्लीत कोलमन हॉकिन्ससारखा टेनरचा उस्ताद राहत होता, आणि बरोबरीची पोरंही एकापेक्षा एक होती.

मी ऑर्केस्ट्रात टेनर वाजवायचो तेव्हा आमच्याकडे एक ट्रंपेटवाला होता. नाईट सुरू व्हायच्या आधी विंगेत त्याचा एक क्वार्टर व्हायचा. सोलो संपला की खाली येऊन म्हणायचा, आज काय लागलाय सूर! आमचा साउंडवाला शो कॅसेटवर घ्यायचा. दुसऱ्या दिवशी रिहर्सलला ती लावली की तो ठेक्याच्या मागे रेंगाळलेला असायचा, वरचा सूर चढलेला असायचा. तरी त्याला ते ऐकू येत नव्हतं, कारण कॅसेट ऐकायलाही तो पिऊनच यायचा. एरवी फार गुणी माणूस. मला नोटेशन वाचायला त्यानेच बसवलं. त्याचं पुढे काय झालं ते तुझ्या आईला विचार, मी लिहीत बसत नाही.

१९५५ मध्ये रोलिन्स आपण होऊन केंटकीतल्या लेक्सिंग्टनला गेला. १९३५ साली सरकारने काढलेलं ते व्यसनमुक्तीचं मोठं केंद्र, अर्धं तुरुंग आणि अर्धं हॉस्पिटल, भोवती शेतीवाडी. इतके जाझवाले तिथे जाऊन आले की आत चांगला बँड उभा राहायचा. पार्कर वारला तेव्हा रोलिन्स तिथेच होता. बाहेर पडून त्याच्यापुढे उभं राहायचं आणि सांगायचं, बघ, या वेळी खरंच सोडलं, हे त्याने मनात धरलं होतं. ते राहून गेलं.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथेच आवरतात. उपचार झाले, सुटला, मोठा झाला. मला पुढचे सहा-आठ महिने महत्त्वाचे वाटतात. बाहेर पडल्यावर तो न्यूयॉर्कला गेला नाही. शिकागोत वायएमसीएच्या खोलीत राहिला आणि झाडलोटीची कामं केली. टेनरवर ज्याचा हात धरणारे मोजके होते, तो माणूस फरशी पुसत होता, आणि उरलेल्या वेळात खोलीत रियाज. कारण क्लबात पाऊल टाकलं की तिथे जुनी मंडळी असणार आणि चल ना म्हणणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि तो गेला तेव्हा झालंही तसंच. दोस्त भेटले, बाहेर चल म्हणाले. त्याचा जीव वरखाली झाला, आणि तो सरळ आपल्या खोलीवर परत आला. मग पुन्हा एकदा गेला. पुन्हा नाही म्हणाला. व्यसन सुटलं ते तिथे, क्लबच्या दारात, असं मी समजतो. लेक्सिंग्टनला फक्त शरीर धुऊन निघालं.

तरी त्याच्या मनात एक भीती होतीच की नशेशिवाय आपल्याला वाजवता येईल का. ती भीती क्लिफर्ड ब्राउनने घालवली. १९५५ च्या शेवटी रोलिन्स ब्राउन आणि ड्रमवाल्या मॅक्स रोचच्या बँडमध्ये आला. ब्राउन त्याच्याहून पावणेदोन महिन्यांनी लहान. सुई नाही, दारूचा नाद नाही, आणि ट्रंपेट असा की ऐकणाऱ्याने आपलं वाद्य पेटीत ठेवून द्यावं. असं जगूनही असं वाजवता येतं, हे रोज रात्री बाजूला उभं राहून ऐकायला मिळणं यापरता दुसरा उपाय नाही.

२२ जून १९५६ ला रोलिन्सने 'सॅक्सोफोन कोलॉसस' रेकॉर्ड केली. त्यातली पहिली चाल 'सेंट थॉमस' तू पहिल्या वर्षी बसवलीस. ती त्याच्या आईच्या बेटांकडची चाल, लहानपणी त्याने तिच्या तोंडून ऐकलेली. आणि २६ जूनला, म्हणजे चारच दिवसांनी, ब्राउन पेनसिल्व्हेनियाच्या हमरस्त्यावर मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा. पियानोवाला रिची पॉवेल आणि त्याची बायकोही गेली. तेव्हा नीट वागलं की नीट होतं, असलं काही मी तुला सांगत नाहीये. ज्याने कधी सुई धरली नाही तो सगळ्यांत कमी वयात गेला.

रोलिन्स त्या धक्क्यानेही परत तिकडे वळला नाही. का, ते मला नेमकं सांगता यायचं नाही. पण तीन वर्षांनी त्याने काय केलं ते बघ. १९५९ मध्ये मासिकं त्याला डोक्यावर घेत होती आणि याला वाटत होतं, आपण त्या लायकीचे नाही. कार्यक्रम बंद केले. घर लहान, शेजारी एक बाई गरोदर, तिला त्रास नको म्हणून तो सॅक्सोफोन घेऊन विल्यम्सबर्गच्या पुलावर जायला लागला. बाजूने आगगाड्या धडधडत जायच्या, खालून बोटी भोंगे द्यायच्या, आणि हा उन्हापावसात, थंडीत वाजवायचा, कधी कधी दिवसाला पंधरा-सोळा तास. दोन वर्षं. पार्करचे ते पंधरा तास आठव. पार्करचं अनुकरण करायचंच तर कशाचं, हे रोलिन्सला तिशीत कळलं म्हणायचं.

साठच्या दशकाच्या शेवटी तो आपल्याकडे येऊन गेला, हे तुझ्या कॉलेजात कुणाला सांगितलंस तर विश्वास ठेवणार नाहीत. पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिला होता. ध्यानाला बसलं की मन ठरत नाही, अशी त्याची तक्रार. त्यावर तिथे त्याला सांगितलं गेलं की वाजवतोस तेच तुझं ध्यान. मग १९७८ मध्ये पहिल्या 'जाझ यात्रा' महोत्सवाला धोबी तलावच्या रंगभवनात वाजवायला आला. मी मागे उभा होतो. आमचे गोवेकर मास्तर बरोबर होते, ज्यांच्याकडे मी टेनर शिकलो. काय वाजलं ते लिहिण्याची माझी ताकद नाही. मास्तर परतताना चर्चगेटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, आणि ते बोलभांड माणूस होते.

आता तुझ्या मित्राचं. मी डॉक्टर नाही, पण जे पाहिलंय ते सांगतो. तो काय घेतो ते नीट विचार. गांजा एक, आणि ब्राउन शुगर किंवा सुई हे वेगळंच प्रकरण. दुसऱ्यातलं असेल तर एकट्याने खोलीत कोंडून घेऊन सोडायच्या भानगडीत त्याला पडू देऊ नका. सुटल्यावर मधे काही आठवडे गेले, शरीराची सवय गेली, आणि मग माणसाने जुन्याच मापाने परत घेतलं, की तो झोपेतच जातो. आमच्या गल्लीतले दोघे असे गेले, आणि दोघांच्याही घरी सुटलं म्हणून पेढे वाटून झाले होते. पुण्याला येरवड्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथे घरच्यांनाही बोलावतात, त्यांनाही समजावून सांगतात. येणार असेल तर मी स्टेशनवर घ्यायला येईन, आपल्याकडे उतरू दे. आईला मी विचारलंय, तिची हरकत नाही.

तू त्याला उसने पैसे देऊ नकोस. जेवायला घाल, फी परस्पर भर, पण हातात रोख नको. तो रागावेल, खोटं बोलेल, तुला वाटेल की हा आपला मित्र नव्हेच. पार्करलाही रोलिन्सने तोंडावर खोटंच सांगितलं होतं. आणि तुम्ही जिथे शुक्रवारी वाजवता त्या जागी तो तूर्त येऊ नये. बँडवाले म्हणतील की शो अडेल. तर अडू दे, दुसरा गिटारवाला बघा.

तुझ्याबद्दल मी विचारत नाही. विचारायचं असतं तर फोनवरच विचारलं असतं. पण कधी सांगावंसं वाटलं तर रात्री दोनला फोन केलास तरी चालेल. ऑर्केस्ट्रावाल्याला दोन म्हणजे काही उशीर नाही.

सॅक्सोफोनच्या अडीच नंबरच्या रीडचा एक डबा कुरिअरने टाकलाय. त्याच्या घरी अजून कुणाला कळलंय का, आणि आई-वडिलांपैकी कोणाशी बोलता येईल, ते आधी कळव. मग पुढचं ठरवू.

तुझा,
बाबा