अक्का, आधी नावं वाचायला लावलीत म्हणून

प्रिय अक्का,

सप्रेम नमस्कार.

जर्मनीतल्या श्टुटगार्टला बिऱ्हाड हलवणाऱ्या आम्हा बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांना तुम्ही तिथूनच दर रविवारी फोनवर जे शिकवलंत, त्याचे आभार प्रत्येकाने आपापले मानलेच आहेत. तरी हे पत्र चारचौघांत लिहितोय. तुमचं सांगणं पुढच्या घरांच्याही हाती पडावं आणि ते कुणाचं, हेही त्यांना कळावं, एवढ्यासाठी.

बॅगा काढायच्या आधी तुम्ही सगळे कागद जमिनीवर मांडून नावं मोठ्याने वाचायला लावलीत. सीमाभागातल्या एकाच माणसाचे कागद तीन भाषांतले असतात की! शाळेचा दाखला मराठीत, जन्मदाखला कन्नडमध्ये, पासपोर्ट इंग्रजीत. ज्याने जसं ऐकलं तसं इंग्रजी स्पेलिंग पडलेलं. मराठी वळणाने लिहिणारा 'ज्ञ'साठी डी-एन-वाय लिहितो, कन्नड वळणाने लिहिणारा जे-एन. 'लक्ष्मी'मध्ये एकीकडे एक्स, दुसरीकडे के-एस-एच. इथल्या ऑफिसात हे कुणाच्या नजरेत भरत नाही. जर्मन कारकुनाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी माणसं. आडनावाचीही तीच गत. कर्नाटकाच्या रीतीने नावापुढे नुसती आद्याक्षरं लावलेली असली, तर पासपोर्टातला आडनावाचा रकाना कधीकधी रिकामाच राहतो, आणि तिकडच्या बहुतेक अर्जांत आडनाव सर्वांत वर मागतात.

गावाच्या नावाचा घोळ तर खास आपलाच. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीत सरकारी नाव 'बेळगावी' झालं, त्याआधीच्या कागदांवर 'बेलगाम' आहे. बापाचं जन्मस्थळ एक आणि लेकाचं दुसरं दिसलं तर ते एकच गाव आहे हे समजावणारी दोन ओळींची चिठ्ठी अर्जासोबत जोडा, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. दुरुस्तीचा क्रमही तुम्हीच लावून दिलात. आधी जन्मदाखला, मग आधार, शेवटी पासपोर्ट, कारण पुढचा प्रत्येक कागद मागच्याच्या आधारावर बनतो. जुना हस्तलिखित कन्नड दाखला असेल तर कन्नड-इंग्रजी छापील प्रत काढून घ्यायची. लग्नाला मंगल कार्यालयाची पावती किंवा देवळाचा दाखला पुरत नाही, सब-रजिस्ट्रारकडची नोंदच लागते. हे सगळं व्हिसाची तारीख घेण्याआधी उरकायचं, कारण एकदा तिकडच्या दप्तरात चुकीचं नाव चढलं की आरोग्य विमा, बँक, शाळा सगळीकडे तीच चूक उतरत जाते.

व्हिसासाठी कर्नाटकातल्यांनी बेंगळूर गाठायचं, चंदगड-गडहिंग्लजकडच्यांनी मुंबई. एकाच घरातली माणसं हद्दीच्या दोन बाजूंना राहत असतील तर तारीख घेण्यापूर्वी प्रत्येकाचा पत्ता तपासा, हेही तुमच्याच यादीतलं.

पोरांच्या लसींचं तुम्ही फार वेळेवर सांगितलंत. जर्मनीत १ मार्च २०२० पासून बालवाडी आणि शाळेसाठी गोवर लसीचा पुरावा लागतो आणि दोन वर्षांवरच्या मुलाला दोन मात्रा झालेल्या असाव्या लागतात. आपल्याकडे नोंद असते ती तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी आरोग्य कार्डावर, कन्नडमध्ये, तीही डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात. ते कार्ड बालरोगतज्ज्ञांपुढे ठेवून प्रत्येक लसीचं नाव, तारीख, सही, शिक्का असा इंग्रजी कागद करून घ्यायचा. तिकडे गेल्यावर तो मागवायचा म्हटलं तर महिना जातो आणि बालवाडीची जागा दुसऱ्याला मिळते.

सामानाचं थोडक्यात सांगतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून विमानात चालत नाहीत. खोबऱ्याचा कीस तिकडच्या साध्या दुकानात केकच्या सामानापाशी मिळतो. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, कुंदा इथेच. ताजा कढीपत्ताही नाही, वाळवलेला चालतो. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. कुकरची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन-दोन जादा. इंडक्शनच्या शेगडीवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, तेव्हा भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटतं का ते इथेच बघून घ्यायचं. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, म्हणून मिक्सर चालतो, फक्त अर्थिंगचा ॲडॉप्टर हवा. ज्वारीचं पीठ जास्त नेऊ नका म्हणालात, तेही खरंच. जुन्या पिठाला विरी राहत नाही आणि भाकरी चिरते. नेलंच तर पीठ उकळत्या पाण्यात कालवून, झाकून, मग मळायचं.

पोचल्यावर पहिलं काम पत्त्याची नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती व्हावी लागते, आणि नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाच्या सहीचा राहायला आल्याचा वेगळा फॉर्म लागतो. चावी घेतानाच ती सही घ्या, असं तुम्ही तीनदा बजावलंत. त्याच दिवशी पत्रपेटीवर आणि घंटीवर नाव लावायचं. अकरा आकडी कर क्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं टपालानेच येतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो. आपल्याकडे पुष्कळ बायकांच्या पासपोर्टवर माहेरचंच आडनाव असतं, म्हणून पेटीवर दोन्ही आडनावं हवीत. हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नसतं, अक्का. बायकोच्या नावाची पाकिटं परत जात राहिली असती आणि चूक कुठे आहे तेही कळलं नसतं. निवासाच्या परवान्याचा अर्ज व्हिसा संपायच्या पुष्कळ आधी टाकायचा, घरातल्या प्रत्येकाचा वेगळा, लहान बाळाचाही.

आणि खिडक्या. तुमचं हे सांगणं आम्ही सर्वांत जपून ठेवलंय. बेळगावात जूनपासून चार महिने ओल असते, पण खिडक्या-दारं उघडी असतात, वारा खेळतो. तिकडचं घर डब्यासारखं घट्ट. कुकरची वाफ, भाताची वाफ, आंघोळीची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, सगळं पाणी हवेत राहतं आणि बाहेरच्या गार भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन थेंबांनी साचतं. तिथे काळी बुरशी धरते, आणि घर सोडताना तिचा खर्च अनामतीतून कापला जाऊ शकतो. ही अनामत मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असते. खिडकी वरून तिरकी करून दिवसभर ठेवण्याची सवय तुम्ही मोडायला लावलीत. त्याने हवा फारशी बदलत नाही, नुसती खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि बुरशीला आणखी जागा होते. हीटर बंद करून, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर. हीटरची चकती तीनवर ठेवली की खोली साधारण वीस अंशांवर राहते, पाचवर ठेवल्याने लवकर तापत नाही.

फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी उघडी. आपण सवयीने दार उघडतो, मग धूर पॅसेजमधल्या आगीच्या घंटीपाशी जातो. शेगडीवरचा पंखा पुष्कळ घरांत हवा बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून परत आतच सोडतो. वास थोडा कमी होतो, वाफ तशीच राहते. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, म्हणून कुकरच्या शिट्ट्या त्याआधी. जिना झाडायची पाळीची पाटी दाराला लागली की तो आठवडा आपला.

पोरं पहिले पाच-सहा दिवस पहाटे तीन-चारला उठणारच. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेतीन. दुपारी झोपू न देता उजेडात बाहेर न्यायचं. आजीच्या फोनची वेळ तुम्ही ठरवून दिलीत, इकडची रात्री आठ. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात, हे आजीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवलंय. रात्री-अपरात्री मूल आजारी पडलं तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. हे दोन आकडे तुम्ही लहानग्यांकडूनही पाठ करून घेतलेत.

तुमच्या सांगण्याची वही आता तीन झेरॉक्स होऊन फिरते आहे. एक बेळगावच्या शहापुरात, एक खानापुरात, एक निपाणीत. समासात आम्ही काही भर घातली आहे, ती तुम्ही तपासून द्या.

कुंदा तुमच्याकडे पाठवता येत नाही. दिवाळीत याल तेव्हा ताजा आणून ठेवू, मांडेही सांगून ठेवू.

तुमची,
बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडची मंडळी