सभेची दारे ऑनलाइनही उघडी हवीत

महापालिकांच्या सर्वसाधारण सभा दूरदृश्य प्रणालीद्वारे घेण्याच्या राज्य शासनाच्या २०२० मधील निर्णयाची बातमी वाचली होती. करोनाच्या साथीत शे-दीडशे माणसे एका सभागृहात बसवणे धोक्याचेच, त्यामुळे निर्णयाला विरोध नव्हता. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार ही सभा एरवी नागरिकांसाठी खुली असते. पूर्वी पास घेऊन प्रेक्षक गॅलरीत बसता येई. ऑनलाइन सभेत ती गॅलरीच उरली नाही.

आमच्या शहरातील अशी पहिली सभा मी प्रभागातील नगरसेविकेच्या कार्यालयात बसून पाहिली. जलवाहिनीच्या विषयावर बोलण्यासाठी त्यांनी दोनदा हात वर केला, पण माइक सुरू करणे त्यांच्या हातात नव्हते. तेवढ्यात ‘मंजूर’ असे ऐकू आले आणि पुढचा विषय पुकारला गेला. सभागृहात निदान उभे राहून ‘पोल’, म्हणजे प्रत्यक्ष मतदान, तरी मागता येतो. आमच्या गल्लीत दिवसाआड येणाऱ्या पाण्याचा प्रश्न त्या एका शब्दात संपला, याचे मला फार वाईट वाटले.

सभेचे थेट प्रक्षेपण आणि ध्वनिचित्रमुद्रण महापालिकेच्या संकेतस्थळावर द्यावे. खर्चाच्या प्रत्येक विषयावर नावे पुकारून मत घ्यावे व ते इतिवृत्तात नोंदवावे.

– एक नागरिक