रविवार कारंज्याच्या स्टुडिओवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

बाबांच्या पंचाहत्तरीचे फोटो छापायला मी तुमच्याकडे आलो होतो, आठवतं का? तुम्ही एकेक फोटो मोठा करून बघितलात आणि म्हणालात, "छापू नका. बहुतेक सगळे हललेत." छापले असतेत तरी मी पैसे देऊन निघून गेलो असतो. पण तुम्ही मला स्टुलावर बसवलंत आणि गिऱ्हाइकं सांभाळत पाऊण तास शिकवलंत. त्याचे आभार त्या दिवशी घाईत राहून गेले.

माझी वीस वर्षं रोलच्या कॅमेऱ्यात गेली. ३६ फोटोंचा रोल, एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्यातून बघायच्या खिडकीला. नव्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याला ती खिडकीच नाही. स्क्रीन जवळून दिसेना, म्हणून मी हात लांब करून फोटो काढत होतो. तुम्ही म्हणालात, "आधी कॅमेरा तीन ठिकाणी टेकायचा, दोन हात आणि गाल. आता गाल सुटला. त्याच्या जागी दुसरं काहीतरी द्या." मग कॅमेऱ्याला लांब पट्टा लावून तो माझ्या गळ्यात घातलात, पट्टा ताठ होईपर्यंत कॅमेरा पुढे ढकलायला लावलात, कोपरं बरगड्यांना चिकटवलीत. हात थरथरायचे थांबले. शिवाय कॅमेरा छातीशी आला की माझ्या चष्म्याच्या खालच्या काचेतून स्क्रीन स्वच्छ दिसते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मी जन्मात स्वतःहून ओळखली नसती. जुन्या कॅमेऱ्याची खिडकी भिंगाच्या वर असायची. जवळून फोटो काढला की खिडकीत अख्खं दिसलेलं डोकं फोटोत कापलं जायचं. म्हणून जवळच्या माणसासाठी कॅमेरा किंचित वर करायची सवय हाताला लागली होती. स्क्रीनवर आईचा चेहरा नीट दिसत असतानाही शेवटच्या क्षणी माझा हात वर जात होता. तुम्ही ओळीने तीन फोटो दाखवलेत. तिन्हींत वर नुसतं छत, खाली आईच्या हातातलं निरांजन कापलेलं. "स्क्रीनवरचं चित्र भिंगातूनच येतंय," तुम्ही म्हणालात, "दिसतं त्यावर विश्वास ठेवा." १९९५ साली कॅसिओचा क्यूव्ही-१० आला, त्यालाही मागे स्क्रीनच होती, डोळा लावायला खिडकी नव्हती. म्हणजे ही पद्धत माझ्या रोलच्या दिवसांतलीच, मीच तिच्याकडे उशिरा वळलो.

पुढच्या रविवारी बाबांना घेऊन रामकुंडावर गेलो. दुपारच्या उन्हात स्क्रीनवर माझाच चेहरा दिसत होता. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बाबांच्या छत्रीची सावली घेतली, स्क्रीनचा उजेड वाढवला, तेव्हा नारोशंकराच्या देवळाची घंटा जेमतेम दिसली. भर उन्हात मला अजूनही खिडकीच बरी वाटते, हे तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो.

पण संध्याकाळच्या गोदाआरतीला तुमच्या शिकवण्याचं सोनं झालं. फ्लॅश बंद केला, कॅमेरा कट्ट्यावर टेकवला, दोन सेकंदांचा टायमर लावला. आरतीच्या ज्योती पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. फोटोचा उजेड (एक्सपोजर) वजा एकवर नेला आणि बटण दाबण्याआधीच त्या पिवळ्या झालेल्या दिसल्या. रोलच्या दिवसांत हे फोटो धुऊन आल्यावर कळायचं, आणि तोवर आरती संपलेली असायची. बाबांना स्क्रीन दाखवली. त्यांनी ती बराच वेळ हातात धरून ठेवली.

त्यातला एक फोटो, बाबा हात जोडून उभे आहेत आणि अर्ध्या चेहऱ्यावर आरतीचा उजेड आहे, तो आठ बाय बाराच्या मॅट कागदावर छापायचा आहे. शनिवारी कार्ड घेऊन येतो. बाबाही येणार आहेत, तुम्हाला भेटायचं म्हणतात.

तुमचा,
पंचवटीतला एक गिऱ्हाईक